तालीम : वाढत्या मुलांचा आहार व व्यायाम

ट्रस्टच्या महोत्सवी अंकासाठी काही लिहावे असे चालकमंडळींनी सुचविले, तेव्हा विषय निवडण्यास आम्हांस फारसा वेळ लागला नाही. इमारत, देणग्या, शिष्यवृत्त्या यांचा हिशेब या अंकात अन्यत्र येईलच. परंतु ज्यांच्यासाठी हे सारे उभारले, त्या मुलामुलींच्या शरीराचा हिशेब कोणी मांडावयाचा? गुणपत्रिकेत गणिताचे गुण असतात, भाषेचे असतात. मूल सकाळी काय खाऊन आले आणि सायंकाळी किती वेळ धावले, यासाठी तीत रकाना नाही. तो रिकामा रकाना भरण्याचा हा एक लहानसा प्रयत्न आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. आमच्या घरच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शेजारच्या मराठी घरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. लहानपणी दोन्ही घरांत वावरताना आम्हांस याची गंमत वाटे. आज वाटते, की हे दोन अर्थ वेगळे नाहीतच. ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला, ‘पहलवान’ ‘पैलवान’ झाला, आणि विद्या व व्यायाम या दोहोंना भाषेने एकच नाव दिले. जे भाषेने जोडले ते आपण वेळापत्रकात तोडून टाकले, हा आजचा खरा प्रश्न आहे.

१. आपल्या गावचा वारसा

मल्हारराव होळकरांचे नाव मिरविणाऱ्या या मल्हारगंजात राहून शरीरसंपदेची थोरवी कोणी बाहेरच्याने सांगावी असे नाही. १९२३ साली होळकर दरबाराने नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडू यांना इंदुरास बोलावून घेतले. हेच सी. के. नायडू १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झाले. वयाची साठी उलटल्यावरही ते रणजी सामन्यांत फलंदाजीस उतरत. याच इंदुरात १९१४ साली जन्मलेले सय्यद मुश्ताक अली यांनी १९३६ साली मँचेस्टर येथे शतक ठोकले. परदेशातील कसोटीत शतक करणारे ते पहिले भारतीय. या दोघांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. जवळच्या महू गावचे शंकर लक्ष्मण यांनी गोलरक्षक म्हणून १९५६ व १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघांत स्थान भूषविले. कुस्तीची परंपरा तर जुनीच. इंदूरचे कृपाशंकर पटेल यांना त्याच खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले तो मल्लखांब, २०१३ साली मध्य प्रदेशाने राज्याचा खेळ म्हणून घोषित केला.

ही नावे आम्ही मिरविण्यासाठी घेतली नाहीत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत. तेलुगू घराण्यातले आहेत, माळव्यातले आहेत. आखाड्याची माती आणि मैदानाचे गवत कोणास जात विचारीत नाही, एवढे त्यांतून ध्यानात घ्यावे. आणि दुसरे असे, की वारसा हा वर्तमानपत्राच्या कात्रणात टिकत नाही. तो मुलांच्या पिंढऱ्यांत टिकतो.

२. आजचे चित्र

भारत सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातील मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा २४ वयाच्या मानाने कृश आढळली, तर शेकडा ५ प्रमाणाबाहेर वजनाची. याच वयात शेकडा २८ जणांच्या रक्तात लोहाची वा अन्य कारणाने रक्तकणांची उणीव होती. त्यातही मुलांत हे प्रमाण शेकडा १८ आणि मुलींत शेकडा ४०.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘लठ्ठ मुले श्रीमंतांची व कृश मुले गरिबांची’ असा सोपा हिशेब आता लागू पडत नाही. एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात, थोरला भाऊ पोट सुटलेला आणि धाकटी बहीण रक्तक्षीण, असे दृश्य आम्ही वर्गावर्गातून पाहतो. आणि दोघांचे कारण पुष्कळदा एकच असते: पोट भरते, पण शरीराचे पोषण होत नाही.

३. दिवस कोठे बिघडतो

वर्गातील मुलांस आम्ही अधूनमधून एक साधा गृहपाठ देतो. उठल्यापासून निजेपर्यंत काय खाल्ले आणि केव्हा, एवढेच लिहून आणावयाचे. गुण नाहीत, शिक्षा नाही. या वह्या चाळताना एक साखळी वारंवार दिसते.

रात्री उशिरापर्यंत मोबाइल. सुटीच्या आदल्या रात्री घरची मंडळी सराफ्यात. तेथील खाऊगल्ली तर सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावरच जागी होते. उशिरा निजलेले मूल उशिरा उठते. सकाळी भूक नसते, वेळही नसतो. चहात बुडविलेला टोस्ट हीच न्याहारी. दुसऱ्या तासाला डोळे मिटू लागतात. मास्तरास वाटते मुलगा आळशी आहे. मधल्या सुटीत भूक एकदम भडकते आणि पाच-दहा रुपयांचे चटपटीत पाकीट तिच्यावर ओतले जाते. घरी आल्यावर वरणभाताला चव लागत नाही. दुपारी झोप, मग शिकवणी, मग पुन्हा मोबाइल. या दिवसात खेळाचा तास कोठे बसवावा?

पालकहो, येथे दोष जिभेचा कमी आणि घड्याळाचा अधिक आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास आणि त्यापुढील किशोरास ८ ते १० तास झोप हवी असते. झोप सुधारली की सकाळची भूक सुधारते. सकाळची भूक सुधारली की मधल्या सुटीचे पाकीट आपोआप मागे पडते. म्हणून आहाराची सुधारणा स्वयंपाकघरात नव्हे, रात्रीचा दिवा मालवण्यापासून सुरू करावी असे आमचे मत आहे.

४. पोहे, जिलबी आणि शेव

इंदूरकरास खाण्याविषयी उपदेश करणे म्हणजे माशास पोहणे शिकविण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. आमचीही सकाळ पोह्यांवाचून उजाडत नाही. म्हणून ‘हे बंद करा, ते सोडा’ असे न म्हणता पदार्थांची थोडी पारख करू.

पोहे वाईट नाहीत. त्यांत मटार, शेंगदाणे वा मोड आलेले मूग घातले तर प्रथिने येतात. वरून लिंबू पिळले तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागते. तोच घास चहाबरोबर घेतला तर चहातील द्रव्ये लोह अडवून धरतात. म्हणजे एकाच बशीत लिंबू मित्र आणि चहा वैरी. मुलांस चहा द्यावयाचाच असेल तर तो जेवणाखाण्यापासून तासभर दूर ठेवावा. न दिला तर उत्तमच.

शेव बेसनाची, म्हणजे डाळीचीच. परंतु तिच्यातील तेल आणि मीठ विसरता येत नाही. पोह्यांवर चिमूटभर शेव ही शोभा. वाटीभर शेव हे जेवण नव्हे. जिलबी मैद्याची व पाकातली. ती सणावारी असावी, रोजची न्याहारी म्हणून नव्हे. भुट्टय़ाचा किस, उकडलेले कणीस, फुटाणे, मुरमुरे, हिवाळ्यातला पेरू, ज्यास आपण इंदुरात जाम म्हणतो, हेही सारे इंदुरीच आहेत आणि मुलांस मानवणारे आहेत. गराडूही उत्तम कंद. तो तळण्याऐवजी उकडून जिरावण भुरभुरावे.

आपले शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येत आहे, आणि ‘छप्पन दुकान’ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून मान्यताही दिली. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु स्वच्छ अन्न आणि पौष्टिक अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वच्छ कढईत तळलेली कचोरी ही स्वच्छ कचोरी असते. ती भाजीभाकरी होत नाही.

साखरेविषयी एक गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक येऊ नये. दिवसास १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाचा दहावा हिस्सा १६०. एक ग्रॅम साखरेचे उष्मांक ४. म्हणजे ४० ग्रॅम, अर्थात सुमारे आठ लहान चमचे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत यापैकी ३० ग्रॅमच्या आसपास संपतात. उरलेल्या दिवसास काय राहिले?

मिठाचे गणितही असेच. पाकिटावर मीठ न लिहिता पुष्कळदा ‘सोडियम’ लिहिलेले असते. सोडियमच्या आकड्यास अडीचने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ २ ग्रॅम. मोठ्या माणसासही दिवसास ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरे असे शास्त्र सांगते. सातवीच्या मुलास हा गुणाकार येतो. एकदा आला म्हणजे पाकिटावरील नटनट्यांच्या चित्रांपेक्षा पाठीमागची बारीक अक्षरे त्यास अधिक बोलकी वाटू लागतात.

५. घरची लक्ष्मी दाराबाहेर

येथे माळव्याची एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. १९७० नंतर आपल्या काळ्या मातीत सोयाबीन पसरले. सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्थाही १९८७ पासून आपल्या इंदुरातच आहे. या दाण्यात शेकडा ४० च्या जवळपास प्रथिने आणि २० च्या जवळपास तेल असते. आता पाहा: यातील तेल आपल्या कढईत येते आणि त्यात शेव-कचोरी तळली जाते, प्रथिनांची पेंड मात्र कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यास जाते. ज्या प्रथिनांवाचून आमची मुले कृश, ती आमच्याच शेतातून निघून आमच्याच दारावरून पुढे जातात.

सोयाबीन कच्चे खाऊ नये. ते पचनास अडथळा करते. उकळून, वाळवून, भाजून मग दळावे. नऊ भाग गव्हास एक भाग सोयाबीन घातल्यास पोळीची चव फारशी बदलत नाही. ज्या घरी अंडी चालतात त्यांनी मुलांस अंडी द्यावीत. ज्या घरी चालत नाहीत त्यांनी डाळ, दूध, दही, शेंगदाणे आणि हे मिश्र पीठ यांवर भर द्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांचा आहे. आपल्या ताटात भाजी कोपऱ्यात बसते. तिला मध्यावर आणावयास हवे.

किती खावे याविषयी आपल्या दोन परंपरांचे एकमत पाहून मौज वाटते. पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आमच्या घरी वडीलधारी मंडळी सांगत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि एक वायूसाठी मोकळा सोडावा असे सांगितले आहे. अपूर्णांक वेगळे, उपदेश एकच. आणि हा उपदेश इफ्तारच्या भज्यांस जितका लागू तितकाच दिवाळीच्या चकलीसही लागू.

६. मुलींचा प्रश्न

आता जे लिहावयाचे ते थोडे कडू आहे. माता-भगिनींनी राग मानू नये.

प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या चक्कर येऊन खाली बसणारे मूल बहुधा मुलगी असते. तिला विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘सर, सकाळी काही खाल्ले नाही.’ घरात दूध वाढताना आधी भावाचा पेला भरतो. पाळी सुरू झाली की शरीरातून लोह अधिक जाते. नेमक्या त्याच वयात तिचा खेळ बंद होतो आणि ताटही लहान होते. ‘आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस?’ हे वाक्य हिंदूंच्या घरीही ऐकू येते आणि आमच्याही. ज्या शरीरास उद्या एका नव्या जिवाचा भार वाहावयाचा, त्यास आज आपण अर्धपोटी व निश्चल ठेवतो.

शाळांतून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींस आठवड्यास एक लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. पुष्कळ मुली ती दप्तरात लपवितात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते. गोळी जेवणानंतर घ्यावी, एवढे आईने सांगितले तर निम्मे काम होते. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांची गोळीही चुकवू नये. पोटातील जंत मुलाच्या आधी जेवून घेतात. आणि मुलीच्या ताटात डाळ, पालेभाजी, लिंबू, गूळ-शेंगदाणे हे भावाइतकेच वाढावे. यास खर्च नाही, न्याय लागतो.

७. व्यायाम किती आणि कोणता

५ ते १७ वर्षांच्या मुलाने दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा व्यायाम वा खेळ करावा, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. हाडांचा बहुतेक साठा किशोरवयातच होतो. उड्या, धावणे, ओझे पेलणे यांनी तो भरतो. हे खाते एकदा बंद झाले की पुढे भरणा करता येत नाही.

मैदान कोठे आहे, असा प्रश्न मल्हारगंजातील पालक विचारतील आणि तो रास्त आहे. आपल्या गल्ल्या अरुंद, त्यांत वाहनांची गर्दी. पण सर्वच व्यायामांस मैदान लागत नाही. दोरीवरच्या उड्यांस सतरंजीएवढी जागा पुरते. जोर-बैठकांस त्याहून कमी. लंगडीस अंगण पुरते. सितोलिया, ज्यास महाराष्ट्रात लगोरी म्हणतात, तिला सात चपटे दगड आणि एक चेंडू लागतो. खो-खो व कबड्डी यांस रविवारची सकाळ आणि एखादे मोकळे पटांगण हवे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार केला. ज्यांस ते रुचतात त्यांनी ते घालावेत, ज्यांस संकोच वाटतो त्यांनी जोर काढावेत. स्नायूंस दोहोंचा लाभ होतो. राजवाड्यापर्यंत वा बडा गणपतीपर्यंत जावयाचे असेल तर मुलास दुचाकीवर न बसवता बोटास धरून चालवावे.

एक सूचना शिक्षकबंधूंस आणि पालकांस मिळून. जाड मुलास ‘मोटू’ आणि बारीक मुलास ‘हड्डी’ म्हणू नये. ज्यास हसले जाते ते मूल मैदानातून पळते, आणि ज्यास मैदानाची सर्वांत अधिक गरज तेच बाहेर बसते. खेळाच्या तासास पहिला नंबर कोणाचा यापेक्षा कोण बाहेर बसले आहे, हे आधी पाहावे.

८. तरुणांस दोन शब्द

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांस व्यायामशाळेची हौस लागते, ही आनंदाची गोष्ट. परंतु दोन महिन्यांत छाती फुगवून देण्याचे आमिष दाखवून कोणी चूर्ण, गोळ्या वा सुया पुढे करील तर त्यापासून दूर राहावे. स्नायू वाढविण्यासाठी घेतलेली उत्तेजक संप्रेरके वाढत्या वयात उंची खुंटवू शकतात आणि यकृत, हृदय यांस इजा करतात. झोप उडविणाऱ्या ‘शक्ती’च्या पेयांच्या डब्यावर ती मुलांसाठी नाहीत असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे. वस्ताद वर्षे मोजतो. भोंदू आठवडे मोजतो. एवढ्यावरून दोघांतील भेद ओळखावा.

९. आपण काय करावे

लेख वाचून झाला आणि अंक कपाटात गेला, तर आमचा व आपला दोघांचाही वेळ फुकट. म्हणून ट्रस्टच्या विचारार्थ काही सूचना नम्रपणे मांडतो.

(१) ट्रस्टच्या सभागृहात वा गच्चीवर सायंकाळचा एक तास मुलांच्या खेळास मोकळा ठेवावा. त्यातील आठवड्याचे तीन दिवस केवळ मुलींसाठी असावेत आणि देखरेखीस घरच्याच दोन-तीन माता असाव्यात. मग कोणत्याही बापास मुलीस पाठविण्यास संकोच वाटणार नाही.

(२) वर्षातून दोनदा मुलांची उंची, वजन व रक्त तपासावे. निकाल फलकावर न लावता फक्त पालकांच्या हाती द्यावा.

(३) समारंभात तळलेला पदार्थ एकच ठेवावा, शीतपेयाऐवजी ताक द्यावे आणि पानात एक फळ असावे. बक्षीस म्हणून चषक देण्याऐवजी उड्यांची दोरी, चेंडू वा फुटाण्या-गुळाचा डबा द्यावा.

(४) २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतितेलकट, अतिखारट व अतिगोड पदार्थ विकण्यास मनाई आहे. पण गाडीवाल्यास हाकलून देऊ नये. त्यालाही मुले आहेत. त्याच्याशी बोलावे, उकडलेली कणसे, चणे, पेरू, केळी ठेवण्यास सांगावे, आणि आपल्या मुलांस तेच विकत घेण्यास पैसे द्यावेत. गिऱ्हाईक बदलले की गाडी बदलते.

(५) जे मूल घरून उपाशी येते त्याची वाच्यता न करता सकाळी मूठभर फुटाणे व गुळाची सोय व्हावी. शिष्यवृत्तीचा धनादेश वर्षातून एकदा मिळतो. भूक रोज लागते.

यातील एकही गोष्ट मोठ्या निधीची नाही. ज्यांनी ही संस्था उभारली त्यांनी मुलांच्या पुस्तकांची सोय केली, फीची सोय केली. तालीम शब्दाचा एक अर्थ त्यांनी पुरा केला. दुसरा अर्थ पुरा करणे आपल्या पिढीकडे आले आहे. येत्या सोमवारी आपले मूल शाळेत निघण्यापूर्वी त्याच्या ताटात काय होते आणि सायंकाळी ते किती वेळ धावले, एवढ्या दोनच नोंदी प्रत्येक घराने एका वहीत सुरू कराव्यात. महिनाभराने ती वही उघडली म्हणजे पुढे काय करावे हे सांगण्यास मास्तराची गरज उरणार नाही.